पडद्याची मेमरी थेट मॅप करून लिहिताना: तिरका झालेला फलक, रखडणारी अक्षरे आणि काही शंका

कोरी पाटी (धागाकर्ती)

आमच्या गावच्या वाचनालयात दाराशी एक जुना लॅपटॉप सूचनाफलक म्हणून लावायचा आहे. नवीन आलेल्या पुस्तकांची नावे, वाचनालयाच्या वेळा आणि एखादी सूचना एवढेच त्यावर मोठ्या देवनागरी अक्षरांत दिसावे, अशी माफक अपेक्षा आहे. यंत्रात मेमरी २ जीबी, म्हणून त्यावर अख्खा डेस्कटॉप न चढवता नुसते लिनक्स ठेवले आणि सी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहून थेट पडद्याच्या मेमरीत अक्षरे उमटवायची असे ठरवले. अक्षरांची जुळणी हार्फबझ करते, त्यांचे ठिपके फ्रीटाइप काढून देते आणि ते ठिपके पडद्यावर नेऊन ठेवणे एवढेच काम माझ्याकडे उरते.

त्यासाठी मी 'डेव्ह-डीआरआय'खालची 'कार्ड-०' ही ग्राफिक्सची फाइल उघडते, जोडलेल्या पडद्याचा मोड विचारते, 'क्रिएट डम्ब' या आयऑक्टलने, म्हणजे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) केलेल्या विनंतीने, ३२ बिटी बफर, म्हणजे पिक्सेलमागे चार बाइटांची चित्राची जागा, मागते, तो फ्रेमबफर, म्हणजे पडद्यावर लावायचे चित्र, म्हणून नोंदवते, मग 'मॅप डम्ब'ला हँडल (बफरचा ओळखक्रमांक) देऊन ऑफसेट (फाइलीतली जागा सांगणारा आकडा) घेते आणि तो एममॅपला, म्हणजे फाइलीचा भाग प्रोग्रॅमच्या मेमरीला जोडून देणाऱ्या सोयीला, दिला की मला एक पॉइंटर, म्हणजे त्या जागेचा पत्ता, मिळतो. शेवटी 'सेट सीआरटीसी' केले की बफर पडद्यावर दिसू लागतो. घरच्या १९२० × १०८० च्या मॉनिटरवर हे सगळे पहिल्याच फटक्यात चालले.

लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर मात्र, जो १३६६ × ७६८ आहे, काहीच वाचता येत नाही. शिरोरेघा आडव्याच्या आडव्या आहेत, पण काने, वेलांट्या, दंड असे जे जे उभे आहे ते सगळे डावीकडे झोपले आहे. चौकटीसाठी कडेला एक उभी पांढरी रेघ काढली होती, तिच्या जागी पडदाभर पाच-साडेपाच तिरप्या रेघा दिसतात. तळाशी काही ओळी काळ्याच राहतात. (य, क्ष), म्हणजे डावीकडून य आणि वरून क्ष, या ठिकाणचा पिक्सेल मी 'क्ष गुणिले रुंदी अधिक य' या सूत्राने शोधते आणि हे सूत्र चुकण्यासारखे मला तरी वाटत नाही.

दुसरी शंका अशी की 'मॅप डम्ब'ने दिलेला ऑफसेट छापून पाहिला तर तो ४२९४९६७२९६ निघाला, म्हणजे बरोबर ४ जीबी. यंत्रातली मेमरीच २ जीबी असताना ४ जीबीच्या पलीकडे काय आहे, हे मला उमगलेले नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का?


रात्रपाळी

संबंध नाही. ऑफसेटचे नंतर कोणीतरी सांगेलच, आधी तिरप्या रेघांचे पाहू, कारण तुमच्या वर्णनातच उत्तर जवळजवळ पूर्ण आले आहे.

'क्रिएट डम्ब' तुम्हाला हँडलबरोबर आणखी दोन आकडे परत करते, पिच आणि साइझ. पिच म्हणजे एका ओळीच्या आरंभापासून पुढच्या ओळीच्या आरंभापर्यंतचे अंतर, बाइटमध्ये. ते रुंदीच्या चौपट असेलच असे नाही, कारण पडद्याला चित्र पुरवणाऱ्या हार्डवेअरला प्रत्येक ओळ ठरावीक पटीच्या पत्त्यावर सुरू झालेली लागते. तुमचा लॅपटॉप इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सचा असावा असे गृहीत धरतो. तिथे ड्रायव्हर हे अंतर ६४ बाइटच्या पटीत वर नेतो. १३६६ पिक्सेलचे ५४६४ बाइट होतात, ६४ ची पुढची पट ५५०४, म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी ४० बाइट, अर्थात १० पिक्सेलची जागा सोडलेली आहे आणि ती पडद्यावर दिसत नाही.

तुमचा प्रोग्रॅम ५४६४ बाइटांनी ओळ बदलतो आणि पडदा ५५०४ बाइटांनी वाचतो, त्यामुळे प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा १० पिक्सेल डावीकडे सरकते. उभी रेघ साधारण १३७ ओळींत पडद्याची पूर्ण रुंदी ओलांडून पुन्हा उजवीकडून येते, आणि ७६८ ओळींत असे साडेपाच वेळा होते. आडवी रेघ सरकली तरी आडवीच दिसते, म्हणून शिरोरेघा वाचल्या. तळाच्या काळ्या ओळीही मोजता येतील. तुम्ही एकूण ७६८ गुणिले ५४६४, म्हणजे ४१,९६,३५२ बाइट भरता, बफर ४२,२७,०७२ बाइटांचा आहे. फरक ३०,७२० बाइटांचा, म्हणजे पुन्हा साडेपाच ओळींचा. खाली मोजून पाहा, पाच पूर्ण आणि सहाव्या ओळीचा अर्ध्याहून थोडा अधिक भाग काळा असेल.

घरच्या मॉनिटरवर हे का चालले, तर १९२० पिक्सेलचे ७६८० बाइट होतात आणि ती ६४ ची नेमकी १२० वी पट आहे. तिथे पिच आणि रुंदी यांच्यात फरकच नव्हता, चूक होती तशीच राहिली आणि दिसली नाही. १३६६ ही रुंदी या कामी फार उपयोगी आहे. प्रोग्रॅम तपासायला असा एक पडदा मी मुद्दाम जवळ ठेवतो.

पॉइंटर बाइटचा धरा, ओळीसाठी 'क्ष गुणिले पिच' करा, मग त्या ओळीत 'य गुणिले ४' मिळवा. आणि एममॅपला लांबी देताना स्वतः गुणाकार न करता ड्रायव्हरने दिलेला साइझच द्या.


हिरवा कंदील

पुस्ती जोडतो. माझ्या एएमडीच्या यंत्रावर त्याच १३६६ रुंदीला पिच ५६३२ येतो, कारण तिथे ओळ २५६ बाइटांच्या पटीत घेतली जाते. तेव्हा ५५०४ हा आकडा प्रोग्रॅममध्ये कोरून ठेवण्याचा मोह टाळावा.


जुना खांब

रात्रपाळी यांनी निदान अचूक केले आहे. ऑफसेटविषयी लिहितो आणि त्यासाठी थोडे मागे जातो.

डॉसच्या काळात ज्यांनी चित्रे काढली त्यांना '१३-एच' हा मोड आठवत असेल. ३२० × २०० पिक्सेल, एका पिक्सेलला एक बाइट, एकूण ६४,००० बाइट, म्हणजे ६४ केबीच्या एका सेगमेंटात (मेमरीच्या तुकड्यात) मावणारे, आणि तो सेगमेंट 'ए०००' या पत्त्यावर कायमचा. कोणाला विचारायचे नाही, काही मागायचे नाही, पत्त्यावर बाइट लिहिला की ठिपका उमटला. ३२० ने गुणायलाही वेळ लागे म्हणून आम्ही क्ष आठ बिट आणि सहा बिट सरकवून त्यांची बेरीज करत असू, कारण २५६ आणि ६४ मिळून ३२० होतात. 'क्ष गुणिले रुंदी अधिक य' हे सूत्र डोक्यात घट्ट बसण्याचे मूळ तिथे आहे. मात्र वेसा या मानकसंस्थेचे मोड आले तेव्हाच मोडच्या माहितीत 'एका ओळीला किती बाइट' असा वेगळा रकाना होता, आणि १९९४ मध्ये वेसाच्याच व्हीबीई २.० या मानकाने सलग फ्रेमबफर दिला तेव्हाही तो होताच. लिनक्सच्या एफबीडेव्ह या पडद्याच्या जुन्या व्यवस्थेत 'लाइन लेंग्थ' या नावाने तेच मिळते. पिच ही काही नवी भानगड नव्हे.

बदलले ते हे, की त्या काळी पडद्याची मेमरी एकच होती आणि यंत्रावर प्रोग्रॅमही एकच चालत होता. एफबीडेव्हपर्यंत हा समज टिकला. तिथे एक फाइल म्हणजे एक फ्रेमबफर, तेव्हा एममॅपला शून्य ऑफसेट दिला की चित्राची सुरुवात मिळे. डीआरएममध्ये, म्हणजे तुम्ही वापरता त्या नव्या व्यवस्थेत, मात्र एकाच 'कार्ड-०' फाइलीमागे शेकडो बफर असू शकतात, आणि २००८ च्या अखेरीस, २.६.२८ या कर्नलबरोबर, जेम ही बफर सांभाळणारी व्यवस्था आल्यापासून प्रत्येक बफर ही कर्नलने सांभाळलेली स्वतंत्र वस्तू झाली, तिला तुमच्यापुरते एक हँडल मिळाले. आता अडचण अशी की एममॅपला हँडल देण्याची सोय नाही. त्याला फाइल, ऑफसेट आणि लांबी एवढेच कळते. म्हणून कर्नलने युक्ती केली. 'मॅप डम्ब' विचारले की तो त्या वस्तूसाठी एक खोटा ऑफसेट राखून ठेवतो आणि तो आकडा तुम्हाला देतो. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो, तसा हा बिल्ला आहे. बिल्ल्यावर ४१७ लिहिले आहे म्हणून मांडवात ४१७ चपला असतील असे कोणी समजत नाही.

६४ बिटी कर्नलवर या बिल्ल्यांची सुरुवातच ४ जीबीपासून होते. त्यामुळे तुमचा ४२९४९६७२९६ हा पहिला बिल्ला दिसतो, आणि यंत्रातल्या २ जीबीशी त्याचे काही देणेघेणे नाही. खरी पाने, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, यंत्राच्या साध्या मेमरीतच आहेत. तुमच्या बफरला ४,०९६ बाइटांची नेमकी १,०३२ पाने लागतात.

एक इशारा देतो. ६४ बिटी कर्नलवर ३२ बिटी प्रोग्रॅम चालवणार असाल आणि ऑफसेटचा प्रकार ३२ बिटीच राहिला, तर हा आकडा कापला जाऊन शून्य होतो आणि एममॅप चूक झाल्याचा संदेश देऊन परततो. फाइल ऑफसेट ६४ बिटी धरण्याची व्याख्या संकलनाच्या (कंपाइलच्या) वेळी द्यावी. मी यात एक पूर्ण दुपार घालवली आहे, ती कोणत्या बोर्डावर हे सांगण्यात अर्थ नाही, कारण दोष माझाच होता.


कोरी पाटी

खांबकाका, बिल्ल्याचे एकदम पटले. पिच वापरल्यावर फलक सरळ झाला. आधी तळाच्या काळ्या ओळी भिंगाने मोजल्या आणि पाच पूर्ण, सहावी अर्धीमुर्धी हे तंतोतंत निघाले. मग दुरुस्ती केली.

आता पुढची अडचण. एक सूचना जाऊन दुसरी येताना ती हळूहळू विरघळत यावी म्हणून मी प्रत्येक पिक्सेलचा जुना रंग बफरमधून वाचते, त्यात नव्याचा थोडा अंश मिसळते आणि परत लिहिते. एका सेकंदात अशी ३० पावले व्हावीत असा हिशेब होता. प्रत्यक्षात एका बदलाला आठ सेकंद लागतात. यंत्र जुने असले तरी इतके मंद नाही, कारण अख्खा बफर एका रंगाने भरून पाहिला तर तो क्षणात भरतो. लिहिणे इतके जलद आणि मिसळणे इतके रखडत, याचे कारण बेरीज-गुणाकारात असेल असे वाटून मी तो भाग पुष्कळ घासूनपुसून पाहिला. आठाचे पावणेआठ सेकंदही झाले नाहीत.


रात्रपाळी

गुणाकाराला बिचाऱ्याला दोष देऊ नका. वेळ वाचण्यात जातो आहे.

एममॅपने मिळालेला पॉइंटर मॅलॉकने, म्हणजे साधी मेमरी मागून, मिळालेल्या पॉइंटरसारखाच दिसतो, पण त्यामागच्या पानांवर कॅशचा (प्रोसेसरजवळच्या जलद साठ्याचा) नियम वेगळा लिहिलेला असतो. अशा बफरची पाने बहुधा 'राइट कम्बाइनिंग' या प्रकाराने मॅप होतात. पडद्याला चित्र पुरवणारे हार्डवेअर प्रोसेसरच्या कॅशमध्ये डोकावत असेलच असे नाही, तेव्हा तुम्ही लिहिलेले कॅशमध्ये अडकून पडता कामा नये. आणि प्रत्येक चार बाइट वेगवेगळे मेमरीकडे पाठवले तर ते फारच खर्चिक होते. यातून काढलेला तोडगा म्हणजे प्रोसेसरमधले काही छोटे बफर, साधारण ६४ बाइटांचे. सलग लिहिलेले बाइट त्यात जमा होतात आणि बफर भरला की एकदम रवाना होतात. आमच्या सातारा-कोल्हापूरकडच्या वाचकांना वडाप म्हटले की लगेच कळेल, सीट भरल्याशिवाय जीप हलत नाही. तुम्ही डावीकडून उजवीकडे ओळीने लिहीत गेलात तर प्रत्येक फेरी भरून जाते, म्हणून एका रंगाने बफर भरणे क्षणात झाले. तेच काम वरून खाली, स्तंभाने केलेत तर प्रत्येक पिक्सेल वेगळ्या ओळीत, वेगळ्या ६४ बाइटांत पडतो, जीप एकेका प्रवाशाला घेऊन निघते आणि वेग कोसळतो. उभी चौकट काढताना एवढे चालून जाते, पूर्ण चित्रासाठी चालत नाही.

वाचताना मात्र ही सोयसुद्धा नाही. अशा पानांवरून वाचलेले काहीच कॅशमध्ये ठेवले जात नाही, पुढचे आधीच आणून ठेवले जात नाही, प्रत्येक वाचनाला मेमरीपर्यंत हेलपाटा. तुमच्या आकड्यांवरून हिशेब करू. पडद्यावर सुमारे साडेदहा लाख पिक्सेल, ३० पावले, म्हणजे तीन कोटींहून अधिक वाचने. आठ सेकंदांना त्याने भागले तर एका वाचनाला पाव मायक्रोसेकंद पडतो. साध्या मेमरीतले कॅशमध्ये असलेले मूल्य एखाद-दोन नॅनोसेकंदांत हाती येते. तुमचा सगळा वेळ या फरकात गेला.

उपाय जुनाच आहे. तेवढ्याच आकाराचा एक बफर, म्हणजे सावली-बफर, मॅलॉकने घ्या, सगळे मिसळणे त्यात करा आणि पाऊल पूर्ण झाले की ओळीओळीने मेमकॉपी करून मॅप केलेल्या बफरमध्ये टाका. मॅप केलेल्या बाजूला फक्त लिहायचे, तेही सलग आणि एकदाच. कर्नल स्वतःसुद्धा हे सुचवतो, ड्रायव्हरच्या क्षमता विचारताना 'डम्ब प्रिफर शॅडो' असा एक प्रश्न विचारता येतो, आणि उत्तर १ आले तर सावली-बफर वापरणे बरे असा त्याचा अर्थ.

चोरून होणारी वाचने शोधा. मजकूर वर सरकवण्यासाठी बफरमधल्या बफरमध्ये मेममूव्ह केले तर ते अर्धे वाचनच असते. 'किंवा-बरोबर', 'अधिक-बरोबर' अशा क्रियांतही आधी वाचन असते, मग लेखन. पडद्याचा फोटो काढून फाइलीत साठवतानाही सावलीतूनच साठवा.


कोरी पाटी

सावली-बफर केला. आठ सेकंदांचा बदल आता एका सेकंदाच्या ठरलेल्या वेळेत बसतो, शिवाय प्रोसेसर बराच वेळ रिकामा असतो. घासूनपुसून बिघडवलेला गुणाकार पुन्हा पूर्वीसारखा वाचनीय करून ठेवला आहे.


मधली वाट

सगळे वाचले. पण मुळात डम्ब बफर कशाला, हा प्रश्न मला पडतो. नावातच तो मठ्ठ आहे. जीबीएम या बफर देणाऱ्या लायब्ररीने बफर घेऊन तिचे 'बीओ मॅप' केले तर ग्राफिक्स हार्डवेअरकडून मिसळण्याचे कामही करून घेता येईल आणि हवे तेव्हा प्रोग्रॅमला थेट पॉइंटरही मिळेल. ओपनजीएल या रेखाटनाच्या मानकात 'मॅप बफर रेंज' २००८ पासून, म्हणजे ३.० पासून आहे, आणि ४.४ पासून तर बफर कायम मॅप करून ठेवण्याचीही मुभा आहे. इतकी साधने असताना हाताने पिक्सेल हलवणे हा मला उलटा प्रवास वाटतो.


जुना खांब

उलटा आहेच, पण वाचनालयाच्या फलकासाठी तो जवळचा आहे. डम्ब बफरची कल्पना याच कामासाठी आहे. कोणताही ड्रायव्हर असो, साधा, सलग, ओळीमागे ओळ असलेला बफर मिळावा आणि तो पडद्यावर लावता यावा. यंत्र सुरू होताना दिसणारे चित्र काढणारा प्लिमथ हेच वापरतो. हार्डवेअरकडून रेखाटन करून घेण्यासाठी मात्र तो नाही आणि तसा वापरूही नये.

जीबीएमच्या मॅपविषयी सावध करतो, कारण 'थेट पॉइंटर' या शब्दांत तिथे थोडी फसगत आहे. ग्राफिक्स हार्डवेअर स्वतःसाठी बफर सलग ओळींत ठेवत नाही. शेजारचे पिक्सेल मेमरीतही शेजारी असावेत म्हणून तो फरशांच्या रचनेत ठेवतो. इंटेलची एक्स प्रकारची फरशी घ्या, ५१२ बाइट रुंद आणि ८ ओळी उंच, म्हणजे बरोबर ४,०९६ बाइट, एक पान. ३२ बिटी पिक्सेल धरले तर पहिल्या ओळीचे १२८ पिक्सेल झाले की पुढच्या पत्त्यावर त्याच ओळीचा १२९ वा पिक्सेल नसतो, दुसऱ्या ओळीचा पहिला असतो. असा बफर कच्चा मॅप करून सलग समजून लिहिलात तर कोरी पाटी यांचा तिरका फलक बरा म्हणायची वेळ येईल, चित्राचे १२८ पिक्सेलचे तुकडे होऊन विखुरतात.

'बीओ मॅप' यातून तुम्हाला वाचवते, पण कसे, तर गरज पडल्यास ती दुसरीकडे एक सलग प्रत तयार करते आणि तिचा पॉइंटर तुम्हाला देते. तुम्ही लिहिलेले मूळ बफरमध्ये जाते ते अनमॅप केल्यावर. पॉइंटर जपून ठेवून महिनाभर लिहीत राहिलात तर पडद्यावर काहीच उमटणार नाही अशी शक्यता राहते. शिवाय ही प्रत वेगळ्या पिचची असू शकते, म्हणून मॅप करताना मिळालेला स्ट्राइड (पिचचेच दुसरे नाव) वापरावा लागतो, बफरचा मूळ स्ट्राइड नव्हे. जिथे हार्डवेअरचे रेखाटन खरोखर हवे तिथे हा व्यवहार करावा. दिवसाला पन्नास सूचना बदलणाऱ्या फलकासाठी मी करणार नाही.


हिरवा कंदील

विषय निघालाच आहे तर माझेही एक दुखणे मांडतो. एका एआरएम बोर्डावर कॅमेऱ्याचे चित्र डीएमए-बफमध्ये, म्हणजे उपकरणांनी आपसांत वाटून घ्यायच्या बफरमध्ये, येते, तोच बफर मी माझ्या प्रोग्रॅममध्ये एममॅप करून चित्रातली हालचाल शोधतो. वाचायला वेळ लागत नाही, म्हणजे पाने कॅशवाली आहेत. पण चित्रात मधूनमधून आडव्या बारीक चिपा दिसतात, आणि त्या चिपांमध्ये आधीच्या चौकटीतले (फ्रेममधले) चित्र असते. प्रत्येक चीप बरोबर १६ पिक्सेल लांब. कॅमेरा बदलून पाहिला, केबल बदलून पाहिली, बोर्ड विकणाऱ्यांनी ड्रायव्हर नवा घ्या असे सांगितले, तोही घेतला. त्याच कॅमेऱ्याचे चित्र माझ्या मेजावरच्या संगणकावर स्वच्छ येते.


मधली वाट

१६ पिक्सेल गुणिले ४ बाइट म्हणजे ६४ बाइट, अर्थात कॅशची एक ओळ. तुम्ही स्वतःच रोगाचे नाव लिहिले आहे.

कॅमेरा नवे चित्र थेट मेमरीत टाकतो, प्रोसेसरला त्याचा पत्ता नसतो. मागच्या चौकटीच्या वेळी वाचलेल्या काही ओळी अजून कॅशमध्ये असतात आणि तुमचा प्रोग्रॅम त्याच शिळ्या ओळी पुन्हा वाचतो. मेजावरच्या एक्स-८६ संगणकात उपकरणांचा मेमरीशी होणारा व्यवहार सहसा कॅशच्या नजरेखालून जातो, म्हणून तिथे हे घडले नाही. पुष्कळ एआरएम बोर्डांवर तशी हमी नसते.

डीएमए-बफ २०१२ मध्ये ३.३ या कर्नलबरोबर आले तेव्हा त्याचा हेतू एका उपकरणाचा बफर दुसऱ्या उपकरणाला प्रत न काढता देणे हा होता. प्रोग्रॅमने मधेच डोकावण्यासाठीचा शिष्टाचार ४.६ पासून, म्हणजे २०१६ पासून, 'डीएमए-बफ सिंक' या आयऑक्टलच्या रूपाने मिळाला. वाचण्याआधी 'स्टार्ट' आणि 'रीड' या खुणा देऊन तो करा, म्हणजे कर्नल त्या बफरपुरत्या शिळ्या ओळी कॅशमधून काढून टाकेल. वाचून झाले की 'एंड' आणि 'रीड' देऊन पुन्हा करा. लिहिणार असाल तर 'राइट' ही खूण द्या, तिथे 'एंड'च्या वेळी कॅशमध्ये राहिलेले मेमरीत उतरवले जाते. ही जोडी प्रत्येक चौकटीला करायची, प्रोग्रॅमच्या आरंभी एकदा करून भागत नाही. आयऑक्टल सिग्नलमुळे मधेच अडखळून परतू शकते, तेव्हा 'इंटर' किंवा 'अगेन' हे उत्तर आले तर पुन्हा पाठवावे.

व्हल्कन या ग्राफिक्सच्या मानकात हाच विषय अधिक उघडपणे मांडला आहे. तिथे मेमरीचा प्रकार निवडतानाच ती प्रोग्रॅमला दिसणारी आहे का, कॅशवाली आहे का आणि 'कोहेरंट' (कॅश व मेमरी आपोआप जुळती ठेवणारी) आहे का, हे वेगवेगळे विचारले जाते, आणि कोहेरंट नसेल तर लिहिल्यावर फ्लश (मेमरीत उतरवणे) व वाचण्याआधी इनव्हॅलिडेट (शिळे काढून टाकणे) करणे तुमच्या माथी येते. मला ती पद्धत आवडते, निदान प्रश्न आधी विचारला जातो.


हिरवा कंदील

जोडी घातली, चिपा गेल्या. दोन महिने केबल बदलत होतो.


कोरी पाटी

माझे आणखी एक विचित्र प्रकरण. वाचनालयाच्या मंडळींना दाखवायला तोच प्रोग्रॅम मी माझ्या संगणकावरच्या आभासी यंत्रात चालवला. पहिली सूचना नीट दिसली. त्यानंतर विरघळणे नाही, दुसरी सूचना नाही, पडदा गोठल्यासारखा. प्रोग्रॅम मात्र चालू आहे, आणि मॅप केलेल्या बफरमधले बाइट छापून पाहिले तर त्यात दुसरी सूचना आहे. लॅपटॉपवर अजून असे झालेले नाही.


रात्रपाळी

खऱ्या यंत्रात पडद्याचे हार्डवेअर सेकंदाला साठ वेळा तुमचा बफर वाचत असते, म्हणून तुम्ही गुपचूप लिहिलेलेही दिसते. आभासी यंत्रात तसे कोणी वाचत बसलेले नसते. बफर पाहुण्या, म्हणजे आभासी, यंत्राच्या मेमरीत आहे आणि तो यजमानाकडे, म्हणजे खऱ्या संगणकाकडे, केव्हा पोचवायचा हे कोणीतरी सांगावे लागते. 'सेट सीआरटीसी'च्या वेळी एकदा पोचला, म्हणून पहिली सूचना दिसली. पॉइंटरवरून केलेले लेखन कर्नलला कळतच नाही.

प्रत्येक पावलानंतर 'डर्टी एफबी' ही आयऑक्टल पाठवा आणि बदललेला आयत तिला सांगा. ज्या ड्रायव्हरला तिची गरज नाही तो नकार देईल, त्याकडे दुर्लक्ष करावे. यूएसबीवरून चालणाऱ्या पडद्यांनाही ती लागते. आणि लॅपटॉपवर 'अजून' झालेले नाही हा तुमचा शब्द योग्य आहे, कारण काही लॅपटॉपचे पडदे चित्र बदलत नसेल तर वीज वाचवण्यासाठी स्वतःकडच्या प्रतीवरून ताजे राहतात, आणि तिथेही हीच सूचना उपयोगी पडते.

दोन बफर घेऊन 'पेज फ्लिप' केले तर हा प्रश्न येत नाही आणि बदलताना चित्र फाटल्यासारखेही दिसत नाही. मात्र फ्लिप पूर्ण झाल्याची खबर आल्याशिवाय जुन्या बफरला हात लावायचा नाही.


कोरी पाटी

'डर्टी एफबी' घातली, आभासी यंत्रात दुसरी सूचना आली. दोन बफरांचे पुढच्या आठवड्यात करीन, कारण विरघळताना मधेच एक आडवी फट चमकून जाते ती मला दिसू लागली आहे, आधी दिसत नव्हती.

शेवटचे विचारते. काल एका चुकीच्या निर्देशांकामुळे प्रोग्रॅम कोसळला. त्याच्या कोअर फाइलीत (कोसळतानाच्या मेमरीच्या नकलेत) सावली-बफर सापडला, पण मॅप केलेल्या बफरचा भाग नाहीच. माझे काही चुकले का?


जुना खांब

नाही. डीआरएमच्या मॅपिंगवर 'कोअरमध्ये घेऊ नये' अशी खूण कर्नल स्वतःच लावतो. सावली-बफर हाताशी आहे, त्यावरूनच शोध घ्या. निर्देशांक बहुधा तळाच्या ओळीच्या पुढे गेला असेल, तुमच्या बफरचा आकार पानांच्या नेमक्या पटीत आहे, त्यामुळे शेवटच्या ओळीनंतर एक बाइटसुद्धा पुढे गेले की संपले.


कोरी पाटी

तळाच्याच ओळीत होता. 'पेक्षा लहान' ऐवजी 'पेक्षा लहान किंवा समान' लिहिले होते. घरच्या मॉनिटरवरही तीच चूक होती आणि तिथे कोसळला नव्हता.


जुना खांब

१०८० ओळी गुणिले ७६८० बाइट म्हणजे ८२,९४,४००, आणि ४,०९६ ने भागले तर बरोबर २,०२५ पाने. तिथेही पुढे जागा नव्हती. शेजारी दुसरे काहीतरी मॅप झालेले असणार आणि तुम्ही त्यात एक ओळ लिहून आला असणार. ते काय होते ते मॅपची यादी छापून पाहून ठेवा.